‘गरज’ या संज्ञेचा अर्थ : अमेरिकेतील महाविद्यालयीन अर्थसाहाय्याची पात्रता व रक्कम

शब्दाचा लोकव्यवहारातील अर्थ एक आणि कायद्याने ठरविलेला अर्थ दुसरा, अशी स्थिती अनेक क्षेत्रांत आढळते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळणारे अर्थसाहाय्य हे त्यांपैकी एक क्षेत्र होय. तेथे ‘गरज’, ‘कुटुंब’, ‘परावलंबी’, ‘साहाय्य’ हे सगळे रोजच्या वापरातले शब्द आहेत. परंतु अर्जावर ते उमटले की त्यांना पारिभाषिक संज्ञांचे रूप येते आणि त्यांच्या व्याख्यांवर काही हजार डॉलरांचा निर्णय अवलंबून राहतो. ही व्यवस्था समजून घेणे म्हणजे पुष्कळ अंशी या संज्ञांच्या व्याख्या समजून घेणे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. पात्रता कशी ठरते, रक्कम कशी निघते आणि त्या रकमेचे वर्णन करणारी भाषा कोठे दिशाभूल करते, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. पूर्वपीठिका

विद्यार्थ्याच्या आर्थिक स्थितीचे मोजमाप एका ठराविक सूत्राने करावे, ही कल्पना प्रथम सरकारात उगम पावली नाही; ती खासगी महाविद्यालयांत जन्मली. हुशार विद्यार्थी आपल्याकडे ओढण्यासाठी महाविद्यालये शिष्यवृत्त्यांची चढाओढ करीत आणि खरोखर गरजू विद्यार्थी मागे राहत. यावर उपाय म्हणून हार्वर्डमधील जॉन मन्रो यांनी कुटुंबाची देण्याची ऐपत मोजण्याचे सूत्र पुढे मांडले आणि १९५४ मध्ये कॉलेज बोर्डाच्या आश्रयाने कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस ही यंत्रणा उभी राहिली. पुढे १९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमाने संघराज्य सरकार या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर उतरले. १९७२ मध्ये त्याच अधिनियमात दुरुस्ती होऊन मूलभूत अनुदानाची योजना आली. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबर्न पेल यांच्या नावावरून १९८० पासून ते ‘पेल अनुदान’ म्हणून ओळखले जाते. १९९२ च्या दुरुस्तीने सर्व संघीय साहाय्यासाठी एकच विनामूल्य अर्ज ठरविला. त्याच्या आद्याक्षरांवरून बनलेले ‘फॅफ्सा’ हे नाव आज तेथील प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असते.

२. वजाबाकीचे समीकरण

या व्यवस्थेचा गाभा एका साध्या वजाबाकीत आहे. एकूण शिक्षणखर्चातून ‘विद्यार्थी साहाय्य निर्देशांक’ आणि अन्यत्र मिळालेले साहाय्य वजा केले, की जी बाकी उरते तिला ‘आर्थिक गरज’ म्हणतात. यातील एकूण खर्च महाविद्यालय ठरविते. त्यात शिक्षणशुल्काबरोबर निवास, भोजन, पुस्तके, प्रवास आणि किरकोळ खर्च यांचाही अंदाज धरलेला असतो. निर्देशांक मात्र संघीय सूत्राने निघतो आणि महाविद्यालय कोणतेही असले तरी तो तोच राहतो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. एखाद्या विद्यार्थ्याचा निर्देशांक १०,००० आहे, असे उदाहरणादाखल समजू. ३०,००० डॉलर खर्चाच्या सरकारी विद्यापीठात त्याची गरज २०,००० ठरेल, तर ८०,००० डॉलर खर्चाच्या खासगी महाविद्यालयात तीच गरज ७०,००० होईल. विद्यार्थी तोच, कुटुंब तेच, घरातील चणचणही तीच. बदलले ते केवळ महाविद्यालय. म्हणजे येथे ‘गरज’ हा माणसाच्या स्थितीचा गुणधर्म नाही. ती एका कुटुंबाच्या आकड्याचा एका संस्थेच्या आकड्याशी असलेला संबंध आहे. मराठीत आपण ‘गरजू विद्यार्थी’ म्हणतो तेव्हा विशेषण विद्यार्थ्याला लागते. अमेरिकी परिभाषेत ते विद्यार्थी आणि महाविद्यालय या जोडीला लागते.

आपल्याकडील शुल्कसवलतींची पद्धत ज्यांना परिचित आहे, त्यांनी आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. आपल्याकडे बहुधा उत्पन्नाची एक मर्यादारेषा असते आणि तहसीलदाराच्या दाखल्यावरील आकडा त्या रेषेच्या आत आहे की बाहेर, एवढेच पाहिले जाते. अमेरिकी सूत्र मुख्यतः उतरत्या पायऱ्यांचे आहे. उत्पन्न वाढेल तसे साहाय्य क्रमाने घटत जाते.

३. निर्देशांक कसा निघतो

२०२३-२४ पर्यंत या आकड्याला ‘कुटुंबाचा अपेक्षित हिस्सा’ असे नाव होते. हे नाव फसवे होते. तेवढी रक्कम भरली की काम भागले, असा पालकांचा समज होई. प्रत्यक्षात अनेक कुटुंबांना त्याहून पुष्कळ अधिक भरावे लागे. डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या सुलभीकरणाच्या कायद्याने हे नाव टाकून ‘निर्देशांक’ हा तटस्थ शब्द स्वीकारला आणि २०२४-२५ पासून तो अमलात आला. अर्थसाहाय्याच्या परिभाषेत भाषिक कारणासाठी झालेला हा बदल उल्लेखनीय आहे. मात्र ‘अपेक्षा’ हा शब्द गेला, वजाबाकी राहिली.

गणनेची रीत अशी. ज्या वर्षी शिक्षण सुरू व्हावयाचे, त्याच्या दोन वर्षे आधीच्या करविवरणातील उत्पन्न आधारभूत धरतात. २०२५-२६ साठी २०२३ चे उत्पन्न पाहिले जाते. ही माहिती आता अर्जदाराच्या संमतीने करखात्याकडून थेट घेतली जाते आणि ही संमती नाकारल्यास संघीय साहाय्याचा मार्ग बंद होतो. उत्पन्नातून संघीय आयकर, वेतनावरील कर आणि कुटुंबाच्या आकारमानानुसार निर्वाहासाठी ठरविलेली रक्कम वजा होते. या बाकीत मालमत्तेचा १२ टक्के भाग मिळवितात आणि येणाऱ्या बेरजेवर २२ पासून ४७ टक्क्यांपर्यंत चढत जाणारे दर लावून पालकांचा हिस्सा काढतात. त्यामुळे पालकांच्या मालमत्तेवरील प्रत्यक्ष भार जास्तीत जास्त ५.६४ टक्के, म्हणजे १२ टक्क्यांचे ४७ टक्के, इतका पडतो. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावरील ठेवीवर मात्र २० टक्के आकारणी होते. आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेले १०,००० डॉलर निर्देशांकात २,००० ची भर घालतात. तेच पैसे आईच्या खात्यात असते तर ही भर ५६४ हून अधिक झाली नसती.

मालमत्ता कशाला म्हणावे, हाही व्याख्येचाच प्रश्न आहे. कुटुंब ज्या घरात राहते ते घर १९९२ च्या दुरुस्तीपासून संघीय सूत्रात मोजले जात नाही. निवृत्तिवेतनाच्या खात्यांतील शिल्लकही वगळली जाते. समजा, दोन कुटुंबांचे उत्पन्न सारखेच आहे. एकाने ४,००,००० डॉलर राहत्या घरात गुंतविले आहेत, तर दुसरे भाड्याच्या घरात राहून तेवढीच रक्कम बँकेत राखून आहे. पहिल्याच्या मालमत्तेचा निर्देशांकातील वाटा शून्य. दुसऱ्याचा २२,५६० पर्यंत जाऊ शकतो. दोघांची ऐपत सारखी असली तरी सूत्राला ती सारखी दिसत नाही.

२०२४-२५ पासून झालेला आणखी एक बदल मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना विशेष जाणवला. पूर्वी दोन भावंडे एकाच वेळी महाविद्यालयात असली, तर पालकांचा हिस्सा दोघांत विभागला जाई. २०,००० चा हिस्सा प्रत्येकी १०,००० होत असे. आता ही विभागणी होत नाही. दोन्ही मुलांच्या निर्देशांकात तो हिस्सा पूर्ण धरला जातो. उलट दिशेचा बदलही झाला. निर्देशांक आता शून्याखाली उणे १,५०० पर्यंत जाऊ शकतो. हेतू असा, की गरिबांतही अधिक गरीब कोण हे साहाय्य कचेरीला कळावे. गरजेच्या वजाबाकीत मात्र हा उणे आकडा शून्य मानला जातो.

४. कुटुंब कोणाला म्हणावे

या व्यवस्थेतील सर्वांत परिणामकारक व्याख्या आकड्यांची नसून नात्यांची आहे. विद्यार्थी ‘परावलंबी’ ठरला तर पालकांचे उत्पन्न मोजले जाते. ‘स्वावलंबी’ ठरला तर फक्त त्याचे, आणि विवाहित असल्यास जोडीदाराचेही. परंतु हे ठरविताना तो कोणाच्या पैशावर जगतो, असे विचारले जात नाही. वय २४ पूर्ण, विवाह, पदव्युत्तर शिक्षण, सैन्यसेवा, स्वतःवर अवलंबून असलेले मूल, वयाच्या तेराव्या वर्षानंतर अनाथपण किंवा सरकारी पालकत्व, बेघर अवस्था, अशा मोजक्या कसोट्यांपैकी एखादी पूर्ण झाली तरच तो स्वावलंबी. म्हणून एकोणीस वर्षांची विवाहित मुलगी स्वावलंबी ठरते. उलट बावीस वर्षांचा मुलगा चार वर्षे स्वतःच्या मजुरीवर जगत असला, वडिलांनी एक डॉलरही दिला नसला, तरी तो परावलंबीच राहतो. पालकांनी पैसे देण्यास नकार देणे ही कसोटी कायद्याला मान्य नाही. कारण ती मान्य केली तर नकार देणाऱ्यांची संख्या वाढेल, अशी भीती तिच्यामागे आहे.

‘पालक’ या शब्दाचेही तसेच. लहानपणापासून सांभाळणारे आजी-आजोबा किंवा मावशी यांनी रीतसर दत्तक घेतले नसेल, तर त्यांचे उत्पन्न पालकांचे म्हणून धरले जात नाही. याउलट, अर्ज भरणाऱ्या आईने पुनर्विवाह केला असेल तर सावत्र वडिलांचे उत्पन्न धरावेच लागते. आईवडील विभक्त असल्यास पूर्वी विद्यार्थी ज्याच्याकडे अधिक काळ राहिला त्याची माहिती द्यावी लागे. २०२४-२५ पासून ज्याने अधिक आर्थिक भार उचलला त्याची द्यावी लागते. एका वाक्यातील क्रियापद ‘राहणे’ ऐवजी ‘पोसणे’ झाले आणि असंख्य अर्जांतील आकडे पालटले.

व्याख्येच्या या ताठरपणाला कायद्याने एक झडप ठेवली आहे. नोकरी जाणे, मृत्यू, मोठे आजारपण, घरातील छळ अशा विशेष परिस्थितीत महाविद्यालयाचा साहाय्य अधिकारी कागदपत्रे पाहून आकडे किंवा दर्जा बदलू शकतो. हा अधिकार प्रत्येक प्रकरणापुरता असतो आणि त्यासाठी विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करावा लागतो. ज्याला ही झडप असल्याचे ठाऊक नाही, त्याला ती मिटलेलीच राहते.

५. रक्कम कशी ठरते

गरज ठरली म्हणजे ती भागविली जाईलच असे नाही. साहाय्याची रक्कम तीन उगमांतून येते आणि प्रत्येकाचा नियम निराळा आहे.

पहिला उगम पेल अनुदानाचा. हे केवळ पहिली पदवी घेणाऱ्यांना मिळते आणि परत करावे लागत नाही. २०२५-२६ साठी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आणि किमान ७४० डॉलर आहे. परावलंबी विद्यार्थ्याच्या पालकांचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १७५ टक्क्यांच्या आत, किंवा पालक एकटा असल्यास २२५ टक्क्यांच्या आत असेल, तर कमाल रक्कम मिळते. इतरांच्या बाबतीत कमाल रकमेतून निर्देशांक वजा करतात. निर्देशांक ३,००० असल्यास अनुदान ४,३९५. ही पूर्णवेळ विद्यार्थ्याची रक्कम होय. बाराऐवजी नऊच श्रेयांक घेणाऱ्यास तिचे ७५ टक्के मिळतात. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून ज्याचा निर्देशांक कमाल अनुदानाच्या दुप्पट किंवा अधिक, त्याला हे अनुदान मिळू शकत नाही.

दुसरा उगम संघीय कर्जाचा. परावलंबी विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दरवर्षी ७,५०० डॉलर, एकूण ३१,००० पर्यंत कर्ज काढता येते. त्यातील एक भाग गरजेवर आधारलेला असून शिक्षण चालू असेतो त्याचे व्याज सरकार भरते. उरलेल्या भागावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. पालकांसाठीही निराळे कर्ज आहे. त्यावर १ जुलै २०२६ पासून प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरांची मर्यादा त्याच कायद्याने घातली.

तिसरा उगम महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीचा, आणि खरी विषमता येथे आहे. मोजक्या धनाढ्य संस्था ठरलेली गरज पूर्ण भागविण्याची हमी देतात. बहुतेक संस्था काही भाग भागवून उरलेली दरी तशीच ठेवतात. शिवाय अनेक खासगी महाविद्यालये ‘सीएसएस प्रोफाइल’ हा दुसरा, अधिक तपशिलाचा अर्ज मागतात. तेथे राहत्या घराचे मूल्यही विचारले जाते आणि संघीय सूत्राने वगळलेली संपत्ती पुन्हा हिशेबात येऊ शकते. याखेरीज गरजेशी संबंध नसलेल्या गुणवत्ता शिष्यवृत्त्या असतात. त्यांपैकी पुष्कळ वस्तुतः छापील शुल्कातील सूट असते. खासगी ना-नफा महाविद्यालये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपल्या छापील शुल्कात सरासरीने निम्म्याहून अधिक सूट देतात. मन्रो यांच्या सूत्राने जी चढाओढ थांबवावयाची होती, तीच नव्या नावाने परतली आहे.

६. साहाय्यपत्राची भाषा

या सर्व हिशेबाचा निकाल विद्यार्थ्याला एका पत्राने कळविला जातो. त्याला रूढ नाव ‘अवॉर्ड लेटर’ असे आहे. ‘अवॉर्ड’ म्हणजे बहाल केलेली वस्तू, पारितोषिक. आणि या एकाच शीर्षकाखाली अनुदान, काम करून मिळवावयाचे वेतन आणि व्याजासह फेडावयाचे कर्ज ही तिन्ही एकाखाली एक लिहून त्यांची बेरीज केलेली असते. कामाच्या बदल्यात मिळणारे वेतन तर शुल्कातून वजाही होत नाही. तास भरल्यावर ते पगार म्हणून हाती येते.

२०१८ मध्ये न्यू अमेरिका आणि युॲस्पायर या संस्थांनी अशा पत्रांचा अभ्यास केला. पहिल्या दिवसापासून व्याज चढणारे संघीय कर्ज देऊ करणाऱ्या ४५५ महाविद्यालयांच्या पत्रांत त्या एकाच कर्जासाठी १३६ निरनिराळी नावे आढळली, आणि त्यांपैकी २४ नावांत ‘कर्ज’ हा शब्दच नव्हता. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ च्या अखेरीस दिलेल्या अहवालाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे: सुमारे ९१ टक्के महाविद्यालये विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पडणारा निव्वळ खर्च पत्रात सांगत नाहीत किंवा कमी करून सांगतात.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही समानार्थी शब्दांची विपुलता नैसर्गिक नव्हे. शेतकऱ्याच्या बोलीत पावसाला अनेक शब्द असतात, ते अर्थाच्या सूक्ष्म छटा दाखविण्यासाठी. येथे १३६ नावांची वस्तू एकच आहे आणि नावांनी तिच्यातील बंधन झाकले जाते. याबाबतीत मराठीची क्रियापदे उपयोगी पडतात. ‘मिळणे’ हे क्रियापद शिष्यवृत्तीलाही चालते आणि कर्जालाही. पण कर्ज ‘काढले’ जाते व ‘फेडले’ जाते, शिष्यवृत्तीला यांपैकी एकही क्रियापद लागत नाही. साहाय्यपत्रातील प्रत्येक ओळीपुढे ‘हे फेडावयाचे आहे काय?’ असा प्रश्न लिहावा आणि ज्या ओळींचे उत्तर नकारार्थी येईल तेवढ्याच एकूण खर्चातून वजा कराव्यात. जी बाकी उरेल ती त्या महाविद्यालयाची खरी किंमत होय.

७. आपल्याकडील विद्यार्थ्यांचा संबंध

संघीय साहाय्य अमेरिकी नागरिक, कायम निवासाचा परवाना असलेले आणि आणखी काही ठराविक वर्गांतील रहिवासी यांनाच मिळते. विद्यार्थी-व्हिसावर महाराष्ट्रातून जाणारा विद्यार्थी त्यास पात्र नसतो. पदवीपूर्व शिक्षणासाठी परदेशी विद्यार्थ्यांचीही ऐपत न पाहता प्रवेश देणाऱ्या आणि गरज पूर्ण भागविणाऱ्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट यांसारख्या संस्था थोड्या आहेत. अन्यत्र साहाय्य मागितल्याने प्रवेशाची संधीच कमी होऊ शकते. पदव्युत्तर स्तरावर मुख्य आधार विभागाने दिलेल्या अध्यापन वा संशोधन साहाय्यकपदाचा असतो. त्याची रक्कम कौटुंबिक गरजेवर ठरत नाही. विभागाचे काम आणि निधी यांवर ठरते.

तेथे स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसमोरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर राहणाऱ्यांची, एच-४ व्हिसा असलेली मुले तेथील शाळांत लहानाची मोठी झाली असली तरी संघीय साहाय्यास पात्र नसतात. त्याच घरातील, तेथे जन्मलेले धाकटे भावंड नागरिक असल्याने पात्र असते. आईवडील एक, उत्पन्न एक, जेवणाचे ताट एक. तरी एका मुलाची ‘गरज’ मोजली जाते आणि दुसऱ्याची मोजलीच जात नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. पहिली अशी, की सूत्र कितीही गणिती दिसले तरी त्यातील निर्णायक स्थाने शब्दांची आहेत: कोण पालक, काय मालमत्ता, कोण स्वावलंबी. व्याख्या बदलली की आकडा बदलतो, आणि व्याख्या विधिमंडळात बदलते. दुसरी गोष्ट व्यवहाराची. सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी हे पत्र वाचून पुढील दहा-वीस वर्षांचे देणे अंगावर घेतो. ज्याच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्याला ही परिभाषा उलगडून सांगणारे घरात कोणी नसते. आणि ही सर्व व्यवस्था तर प्रथमतः त्याच्यासाठीच उभारलेली होती. अनुदानाची रक्कम वाढविण्याचा प्रश्न अर्थकारणाचा आहे आणि त्याला वेळ लागेल. कर्जाला कर्ज म्हणण्यास मात्र कोणत्याही तरतुदीची आवश्यकता नाही.